मधल्या फरशीवरून

सोनपेठच्या बाजारात रंगनाथचं दुकान तसबिरींचं. काच कापायची, लाकडी पट्ट्या ठोकायच्या, मागं पुठ्ठा लावायचा. अर्ध्या पंचक्रोशीचे देव आणि अर्ध्या पंचक्रोशीचे मेलेले त्याच्याच हातानं भिंतीवर गेलेले. एवढा सरावाचा माणूस, पण स्वतःच्या घरात एक फोटो लावायची वेळ आली तेव्हा त्यानं असं काही करून ठेवलं, की त्याची दुसरी बायको सरजाबाई भर दुपारी आपल्याच चुलीपुढं बसायला भिऊ लागली.

त्याचं असं झालं. रंगनाथची पहिली बायको चतुराबाई काविळीनं गेली. पोटी लेकरू नव्हतं. वर्ष सरायच्या आत सरजा घरात आली. सरजाला आई नव्हती, ती जन्मली त्याच दिवशी गेलेली. चुलतीनं वाढवलं, चुलतीनंच बिजवर पाहून दिला. पोरीला विचारलंय कुणी? आली बिचारी, पदर खोचून कामाला लागली.

सासू सगुणाबाई जुन्या वळणाची. ती म्हणाली, सवतीचा टाक करावा लागंल. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्याच्यावर बाईची आकृती ठोकलेली. दुसरेपणाच्या बायकोनं तो गळ्यात बांधायचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, पहिला घास आधी टाकाला दाखवायचा. म्हणजे मेलेली रुसत नाही आणि जिवंतीच्या मागं लागत नाही. सरजाची काही ना नव्हती. गळ्यात एवढं ओझं असतं, त्यात हे थोडं आणखी.

पण रंगनाथ आडवा आला. "माय, टाकाला ना नाक ना डोळा. तसबिरवाल्याची बायको ती, तिला मी चेहरा देतो," म्हणाला.

त्या दिवसांत त्याला एका नव्या चित्राचं वेड लागलं होतं. हैदराबादचा एक फिरता व्यापारी ती चित्रं घेऊन यायचा. वरून प्लॅस्टिकचा पत्रा, त्याच्यावर बारीक उभ्या रेघा, नखानं घासलं की करकर वाजणाऱ्या. चित्र जरा हलवलं की बालाजीची लक्ष्मी व्हायची. आणि एक चित्र हंसाचं होतं, त्यातला हंस कार्डाच्या बाहेर आल्यासारखा दिसायचा. चष्मा नको, दुर्बीण नको, नुसतं बघायचं. व्यापाऱ्यानं त्याला गुपित सांगून टाकलं: पत्र्याची एकेक रेघ म्हणजे एकेक भिंग. खाली दोन फोटोंच्या पट्ट्या एकाआड एक चिकटवलेल्या. भिंग एका डोळ्याला एक फोटो दाखवतं, दुसऱ्या डोळ्याला दुसरा. दोन्ही फोटो एकाच माणसाचे, पण वीतभर बाजूला सरकून काढलेले असले, की ते माणूस काचेतून बाहेर येऊन उभं राहतं.

झालं. रंगनाथनं कोरा पत्रा मागवला. पण दोन फोटो आणायचे कुठून? चतुराबाईचा सगळ्या जगात एकच फोटो. तिच्या शेवटच्या संक्रांतीला गंगाखेडात दत्तरावच्या स्टुडिओत काढलेला, वहीच्या पानाएवढा. पुढं गोदावरीचं पाणी स्टुडिओत शिरलं आणि काचा, फिल्मा सगळं सडून गेलं. मग या शहाण्यानं काय करावं? सरजाला चतुराबाईचं लुगडं नेसवलं, तिची नथ घातली, गंगाखेडला नेऊन त्याच खुर्चीत बसवलं आणि दुसरा फोटो काढला. दत्तराव बिचारा म्हणत होता, आधी जुन्याची एक नक्कल काढून ठेवू. पण रंगनाथला धीर कुठला.

"लुगडं तेच, नथ तीच, खुर्ची तीच," तो एस.टी.त सरजाला सांगत होता. "बाईबाईच्या चेहऱ्यात असा किती फरक असतोय?"

सरजा खिडकीबाहेर बघत राहिली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं तिच्या, आणि आपल्या नवऱ्याला आपला चेहरा किती दिसतो हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन त्यानं दोन्ही फोटोंच्या उभ्या पट्ट्या कापल्या, जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक. एक पट्टी चतुराची, एक सरजाची, परत एक चतुराची. मधल्या मधल्या पट्ट्या टाकून द्याव्या लागतात, त्याशिवाय मेळ बसत नाही. सकाळी सरजानं तिथं झाडू मारला तेव्हा सुपलीत बुबुळाचा तुकडा आला, नथीचा मोती आला, ओठाची कड आली. कोणत्या बाईची कोणती, तिला ओळखू येईना. तिनं ते उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि हात दोनदा धुतले.

तसबीर दार आणि चूल यांच्या मधल्या भिंतीवर लागली. त्या भिंतीच्या कडेनं पाच शहाबादी फरश्या होत्या. दाराकडच्या दोन फरश्यांवर उभं राहिलं की फोटोत चतुराबाई दिसायची, गाल बसलेली, उजेडानं डोळे बारीक केलेली. चुलीकडच्या दोन फरश्यांवरून सरजा दिसायची, तेच लुगडं, तीच नथ, गाल भरलेले. आणि मधल्या फरशीवरून ना ही, ना ती.

मधल्या फरशीवर उभं राहून सरजानं एकदा नीट पाहिलं होतं. उजवा डोळा मिटला की चतुराबाई. डावा मिटला की आपण स्वतः. दोन्ही उघडे ठेवले की तिसरीच कुणीतरी. तिचं तोंड दोघींतून झालेलं, आणि ती काचेच्या आत नव्हती. काचेच्या चार बोटं पुढं होती, खुर्चीतून उठायच्या बेतात असावी तशी. सरजाच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवसापासून ती ती फरशी ओलांडून चालायची, हातात भरली घागर असली तरी.

सगुणाबाईला मात्र आनंद झाला. तिची बसायची जागा दारापाशी, तिला आपली चतुराच दिसायची. "हालतीय तसबीर. जीव हाय तिच्यात," ती शेजारणींना सांगायची. रोज काचेला कुंकू लावायची, हार घालायची. कुंकू एकच, पण कपाळं दोन होती. चुलीपुढून सरजा बघायची तर आपल्याच फोटोला हार. दिवसभर बघायची. भाकरी थापता थापता मान वर झाली की आपण भिंतीवर, हार घालून.

अशात सरजाला दिवस गेले. पाचवा लागला आणि भादवा आला. पितरांचा पंधरवडा. त्यातली नवमी ही अहेव मेलेल्या बायकांची, म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेल्यांची. सगुणाबाई म्हणाली, टाकाऐवजी तसबीर केलीय तर पानही तसबिरीपुढंच वाढायचं, पाणीही तिच्यापुढंच सोडायचं.

सरजाचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. पान मेलेल्याचं. पाणी मेलेल्याचं. आणि त्या चौकटीत अर्धी मी आहे. पान पोचवणारा थोडंच विचारणार आहे, यातली मेलेली कोणती? एकदा त्या पानावरचं मला पोचलं की माझी गणती तिकडं झाली. माझी, आणि पोटात आहे त्याचीही. ती रोज सकाळी उजेडात नखं बघायची, पिवळी पडली का. डोळे बघायची. चतुराबाईलाही आधी नखांतच दिसलं होतं म्हणे.

शेवटी एक दिवस दुपारी दुकानात भाकरी घेऊन गेली तेव्हा तिनं विषय काढला.

"आवो, मला त्यातून काढा."

"कशातून?" रंगनाथ काच कापत होता.

"तसबिरीतून. नवमीच्या आधी काढा. आत्याबाई पान वाढणार हायत."

"आता कसं निघंल ते? सरसानं चिकटवलंय. वढलं तर दोघी फाटतेत."

"तिच्या राहिलेल्या पट्ट्या लावा की माह्या जागी."

"त्या तूच झाडल्यास न्हवं का."

त्यानं काचेवर हिऱ्याची रेघ ओढली, काच टक्कन मोडली. "पान पितराला असतंय, कागदाला न्हाई," तो म्हणाला. "लय इचार करायलीस तू. अशा दिवसांत इतका इचार चांगला न्हाई."

घरी येताना सरजानं ठरवलं, जाळायची. नवमीच्या आधी चुलीत घालायची आणि वर सांगायचं, खिळा निसटला, पडली, काचा झाल्या. चतुराबाईचा एकुलता एक चेहरा जाईल तर जाऊ दे. मेलेलीला चेहरा कशाला लागतो? जिवंतीला लागतो.

अष्टमीला दुपारी सगुणाबाई उद्याच्या भाज्या आणि केळीची पानं आणायला बाजारात गेली. सरजानं तसबीर उतरवली. चुलीत तुराट्यांचा जाळ चांगला धरला होता. मागचा पुठ्ठा काढायला तिनं विळ्याचं टोक लावलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"रंगनाथरावाचं घर हेच न्हवं का, माय?"

दारात एक म्हातारी. डोक्यावर पदर, हातात पिशवी, डावा डोळा मोतिबिंदूनं पांढरा झालेला. सरजानं घाईघाईनं तसबीर परत खिळ्याला अडकवली.

"मी पेडगावची बायनाबाई. चतुराची माय," म्हातारी म्हणाली. "परवाच येणार हुते. नामांतराचा बंद निघाला, दोन रोज गाड्याच न्हाई सुटल्या. आज पयल्या गाडीनं निघाले. परभणीला बदलली, गंगाखेडला बदलली. तू सरजा का?"

"हां."

"बस म्हणतीस का?"

सरजानं पोतं अंथरलं. घाईत कुठं अंथरलं हे तिच्या ध्यानात आलं नाही. म्हातारी टेकली ती नेमकी मधल्या फरशीवर.

पाणी पिऊन झाल्यावर बायनाबाई म्हणाली, "खरं सांगू का माय तुला, माह्या लेकीचा चेहरा इसरायलेय मी. आवाज येतोय कानात, चालणं दिसतंय, पर तोंड दिसत न्हाई. आमच्याकडं फोटू न्हाई तिचा. कुणीतरी सांगितलं, जावयानं तसबीर केलीय, लय जित्तीजागती. म्हणलं, मरायच्या आधी एकदा बघून यावं."

"हीच की," सरजा म्हणाली. तिनं भिंतीकडं बोट केलं.

म्हातारीनं मान वर केली. मग उठली, गुडघ्यावर हात टेकत पुढं सरकली आणि काचेवरून बोटं फिरवायला लागली. गालावरून, हनुवटीवरून. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

"असेच गाल हुते गं तिचे. भरलेले. मला वाटलं हुतं दुखण्यानं वाळून गेली आसंल. चांगलं ठिवलं तुमी लोकांनी माह्या लेकीला."

सरजाच्या ध्यानात आलं. डावा डोळा पांढरा. म्हातारी बघतेय ती एकट्या उजव्यानं. मधल्या फरशीवरून उजव्या डोळ्याला कोण दिसतं, हे सरजापेक्षा जास्त कुणाला माहीत? म्हातारी रडत होती ती सरजाच्या चेहऱ्यापुढं. तिचेच गाल कुरवाळत होती, तिच्याच कपाळावरचं कुंकू पदरानं सारखं करत होती. "माही बाई ती," म्हणत होती. "कुठं गेलीस गं मला टाकून."

एवढ्या जन्मात सरजाच्या तोंडावरून असा हात कुणी फिरवला नव्हता. चुलतीनं नाही, नवऱ्यानं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि नकळत तिचा हात आपल्या गालावर गेला. गाल गरम लागला. तिला भीती वाटली, आणि म्हातारीनं हात काढू नये असंही वाटलं.

पण लबाडी तिच्या स्वभावात नव्हती. "मावशी," ती म्हणाली, "जरा हिकडं या." तिनं म्हातारीचा दंड धरला आणि तिला दाराकडच्या फरशीवर आणलं. "आता बघा."

बायनाबाईनं पाहिलं. तिची मान मागं गेली.

"ही कोण?"

सरजानं तिचा दंड सोडला नाही.

"ही दुखणाईत बाई कोण हाय? माही लेक कुठं गेली? आता हुती की इथं." म्हातारीचा आवाज चिरकला. ती चौकट चाचपायला लागली, मागं हात घालून बघायला लागली. "ही न्हवं गं. ही माही न्हवं."

भिंतीवर चतुराबाई बसली होती, गाल आत गेलेली, डोळे बारीक केलेली, समोर आपल्या आईकडं बघत. आणि आई विचारत होती, ही कोण. सरजाच्या मनात आलं, जिला आपण इतके महिने भ्यालो, जिच्यासाठी भरली घागर घेऊन फरश्या ओलांडल्या, तिला आज तिच्या आईनंच ओळखलं नाही. आणि का नाही ओळखलं? तिच्या जागी आपण जाऊन बसलो म्हणून. मागं लागली असेल कुणी कुणाच्या, तर आपणच तिच्या लागलो. सरजाला स्वतःची लाज वाटली.

सांगता आलं असतं तिला. मावशी, तुमची लेक अशीच झाली होती शेवटी, आमच्या घरात अशीच झाली होती. शब्द तोंडापर्यंत आले. म्हातारीचा एकच डोळा तिच्याकडं लागला होता, भ्यालेला.

"उजेडाचं हाय मावशी," सरजा म्हणाली. "इथून उजेड आडवा येतोय. तुमी मघाच्या जागेवर बसा." आणि तिनं तिला परत मधल्या फरशीवर नेऊन बसवलं.

म्हातारीनं वर पाहिलं आणि तिचा श्वास सुटला. "हां. ही बघ. ही बघ माही बाई."

मग बराच वेळ बसून राहिली. चहासुद्धा तिथंच प्याली, नजर न हलवता. उठायची वेळ झाली तेव्हा हळूच म्हणाली, "एक मागू का? उद्या नवमी. माहेरात नवमी करत न्हाईत, मला ठावं हाय. ईधी न्हाई करायचा मला. नुस्तं एक पान वाढीन माह्या लेकीपुढं, माह्या हातचं. चौदाव्या वर्षी दिली तिला. त्याच्या माघारी पोटभर वाढलंच न्हाई कव्हा. ही तसबीर मला देतीस का?"

सरजानं चुलीकडं पाहिलं. तुराट्या जळून गेल्या होत्या, निखारे तेवढे राहिले होते. तिला सगळं दिसत होतं. पेडगावात उद्या पाट मांडला जाईल. त्याच्यापुढं पान. आणि म्हातारी एका डोळ्यानं कुणाकडं बघत वाढील, तेही दिसत होतं. इथं सासूनं वाढलं असतं ते निदान चतुराबाईकडं बघून वाढलं असतं. तिथं वाढायचं ते माझ्याच तोंडाकडं बघून, माझेच गाल कुरवाळून, मेलेली समजून. ज्याला इतके दिवस भीत होते तेच, आणि पुरतं. तिनं पोटावर हात ठेवला.

"न्हाई म्हण पायजे तर," बायनाबाई म्हणाली. "राग न्हाई येणार मला."

"न्या," सरजा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं म्हातारीच्या हातात दिली. दारात चप्पल घालता घालता बायनाबाई थांबली. "लहानपणी तिला तिळाची पोळी लागायची. इथं आल्यावर काय आवडायचं गं तिला? काय करू उद्या पानात?"

चतुराबाईला काय आवडायचं, कुणाला ठाऊक. या घरात ते कुणी कधी बोललं नव्हतं.

"शेवयाची खीर," सरजा म्हणाली. तिनं स्वतःचं सांगितलं.

संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. सगुणाबाईनं रिकामा खिळा पाहिला आणि केळीची पानं तिच्या हातातून गळाली. "तसबीर कुठं हाय?"

"माहेरी गेली."

सासूनं मग तोंड सोडलं ते दिवेलागणीपर्यंत. चतुराची, बायनाबाईची, सरजाच्या चुलतीची, सगळ्यांची उणीदुणी काढली. रंगनाथ दुकानातून आला. त्यानं भिंतीकडं पाहिलं, मग सरजाकडं पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. "दोघी गेल्या?" त्यानं विचारलं. सरजानं मान हलवली. तो हातपाय धुवायला गेला.

नवमीला सगुणाबाईनं पाटावर सुपारी मांडली आणि तीच चतुरा म्हणून तिच्यापुढं पान वाढलं. रंगनाथनं पाणी सोडलं. बोलावलेली सवाष्ण जेवून गेली, रंगनाथ जेवला, सासू जेवली. दोन वाजून गेले. सरजा सगळ्यांच्या शेवटी ताट घेऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पाच महिन्यांची पोटुशी, भूक लागायलाच पाहिजे. तिनं घास केला, तोंडापर्यंत नेला, आणि परत ताटात ठेवला.

पोट भरलेलं होतं. तडस लागेल इतकं. जिभेवर गोड चव होती, वेलदोड्याची, आणि घरात त्या दिवशी सासूनं वेलदोडा आणलाच नव्हता. गालावर कुणाचा तरी खरबरीत हात फिरल्यासारखा झाला. सरजानं नखं पाहिली नाहीत. अंगाला दरदरून घाम सुटला होता, आणि तरी तिला इतकं निवांत वाटत होतं, जन्मात वाटलं नव्हतं इतकं.

"जेव की गं," सासू म्हणाली. "दोन जिवांची हायस. घास कामून ठिवलास?"

"जेवले मी, आत्याबाई."

"कव्हा जेवलीस? सकाळपून तर राबायलीस."

"आताच," सरजा म्हणाली. "मायनं वाढलं."